भुयारातले एकशेदहा सेकंद

मित्रांनो, मी धावपटूंच्या मनगटावरचं एक जुनं घड्याळ आहे. माझी काच चरे पडलेली, पट्टाही दुसऱ्याच घड्याळाचा. कारखान्यातून निघालो तेव्हा माझा काय तोरा होता! आकाशातल्या उपग्रहांना विचारून मी धावणाऱ्याची वाट क्षणाक्षणाला टिपत असे. पुढे नवी घड्याळं आली आणि माझी रवानगी खणात झाली.

तिथून मला काढलं मोजणीकाकूंनी. जन्मभर जमिनी मोजून निवृत्त झालेल्या या बाई धावण्याच्या मंडळात नोंदी तपासत. शर्यत अशी असे, की ज्याने त्याने सोयीच्या वेळी ठरलेल्या वाटेने धावायचं आणि घड्याळातली नोंद पाठवायची. लबाडीला रान मोकळंच! पण काकूंची नजर घारीची. एका गृहस्थांची नोंद पाहून त्या एवढंच म्हणाल्या, "वेग झकास आहे, पण पावलं कुठायत?" गृहस्थ सायकलवरून गेले होते.

एकदा बेकरीत काम करणारी एक बाई पहिली आली. तिला मोठ्या शर्यतीत जागा मिळणार होती. पण तिच्या नोंदीतली रेघ भुयारी मार्गाचं वळण सोडून सरळ रेल्वेच्या रुळांवरून गेली होती.

"रूळ ओलांडून वाट चोरली. नाव खोडा," मंडळाचे अध्यक्ष म्हणाले.

"भट्टीवरचं काम उरकून धावते मी, काकू. वाट चोरायची असती तर धावायलाच कशाला आले असते?" ती म्हणाली.

काकूंनी तिचं घड्याळ उलटून पाहिलं. ते माझ्याच जातीचं, माझ्याच वयाचं होतं! त्यांनी मला मनगटावर बांधलं आणि दुखरा गुडघा घेऊन त्या भुयारात शिरल्या. आत मला आकाश दिसेना. नवी घड्याळं अशा वेळी पावलांवरून वळणाचा अंदाज बांधतात. आम्ही जुनी माणसं, दिसत नाही तेव्हा गप्प बसतो. बाहेर आल्यावर मी दोन टोकं जोडली आणि तीच सरळ रेघ उमटली. तीनदा गेलो, तीनदा तीच.

मग काकूंनी फीत लावून वळण मोजलं. चारशे चाळीस मीटर भरलं.

"तिला तिथे एकशेदहा सेकंद लागलेत. तिच्या नेहमीच्या वेगाने या वळणाला तेवढेच लागतात," त्या अध्यक्षांना म्हणाल्या. "रुळांवरून वाट निम्मीसुद्धा नाही. वाट चोरणारा उशिरा पोचेल होय?"

अध्यक्षांनी नाव परत लिहिलं. बेकरीवाली खुर्चीत बसून रडली. नाव खोडलं असतं तर पुन्हा कधी धावलेच नसते, असं म्हणाली. काकूंचा मला इतका अभिमान वाटला, की काय सांगू!

मित्रांनो, माझी काच पुसा, मला वेळेवर चार्ज करा, एवढंच माझं मागणं. आणि कुणाच्या नोंदीत खोट दिसली, तर त्याला खोटं ठरवण्याआधी बूट घाला आणि एकदा त्याच्या वाटेने जाऊन या.