मेपलवरची बैठक

आयली कारवोनेनला गप्प बसवणं अजून कुणाला जमलं नव्हतं. गावात तिचं केस कापायचं दुकान. कात्रीआधी तिची जीभ चालायची, आणि खुर्चीत मान अडकलेला माणूस ऐकून घेण्यावाचून करणार काय? बसायची सवय तर तिला मुळीच नव्हती. तीस वर्षं ती उभ्याउभ्याच कमावत आणि उभ्याउभ्याच जेवत आली होती.

अशी ही बाई हरणांच्या शिकारीच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी, पंधरा नोव्हेंबरला, बापाच्या मचाणावर दिवसभर बसणार, हे ऐकून तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा रॉयस इतका हसला, की त्याला चुलीजवळच्या बाकावर टेकावं लागलं.

मचाण मेपलच्या जुन्या झाडावर होतं, जमिनीपासून पंधरा फूट उंच. आयलीच्या बापानं, ओन्नीनं, ते तरुणपणी स्वतःच्या हातानं बांधलं होतं. त्याच्या एका बाजूला टेकडी, दुसऱ्या बाजूला सीडरच्या झाडांची दलदल, आणि मधून हरणांची वाट. यंदा ओन्नीचं कंबरडं साफ गेलं. शिडी चढणं त्याच्या नशिबातून संपलं, तेव्हा मचाण कुणाला द्यायचं हा प्रश्न उभा राहिला. रॉयस अठरा वर्षं दलदलीजवळच्या दबा धरायच्या खोपटात बसून त्या मचाणाकडे डोळे लावून होता, आणि त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असं नाही. पण आयली लहानपणी त्याच शिडीखाली बापाची वाट बघत खेळली होती. तिला ते मचाण हवं होतं, आणि का हवंय हे तिला धड सांगताही येत नव्हतं.

ओन्नीनं दोघांचं ऐकलं आणि रानातल्या आपल्या शिकारी कॅम्पचा जुना नियम सांगितला. पहिल्या दिवशी उजाडायच्या आत वर चढायचं आणि अंधार पडेपर्यंत पाय जमिनीला लावायचा नाही. जो हे करील त्याचं मचाण. थोरली म्हणून पहिली पाळी आयलीची. ती उतरली तर रॉयसनं चढावं आणि अंधार होईपर्यंत त्यानं टिकून दाखवावं. दोघंही उतरले, तर मचाण ओन्नीकडेच राहील.

"दहाच्या आत उतरेल," रॉयस म्हणाला. "बोलायला कुणी नाही म्हणून झाडाशी भांडेल आणि उतरेल."

लघवीला उतरावं लागू नये म्हणून आयलीनं आदल्या संध्याकाळपासून कॉफी बंद केली होती, यावरून तिचा निश्चय ओळखावा. पहाटे ती चढली, पट्ट्यानं स्वतःला खोडाशी बांधून घेतलं, दोरीनं बंदूक वर ओढली आणि बसली.

पहिला तास बरा गेला. दुसऱ्या तासात नाक खाजायला लागलं, मग पाठ, मग बुटातली अशी जागा, जिथं देवाचाही हात पोचला नसता. बापानं सांगितलं होतं की हलायचंच असेल तर मान हलव, आणि तीही पुरण शिजावं इतक्या सावकाश. खरं म्हणजे तो म्हणाला होता मटाराचं सूप, पण अर्थ तोच. साडेनवाला एक मादी दोन पाडसं घेऊन खालून गेली. मादीचा परवाना नव्हता, म्हणून आयली नुसती बघत राहिली. बोलावंसं इतकं वाटलं, की तिनं हातमोजा दातात धरला.

साडेअकराला खालून पाचोळा वाजला. हरीण नव्हे, रॉयस आला होता. खोपटात त्याचा जीव रमला नव्हता, आणि तो कॅम्पवरून गरम पेस्टी घेऊन आला होता. मांस, बटाटा, कांदा आणि भाजलेल्या कणकेचा वास सरळ पंधरा फूट वर चढला.

"खाली ये, दोन घास खा," तो म्हणाला. "दुपारी हरीण हलत नाही. बारा वाजता बसून राहणारा मूर्ख."

आयलीनं मान हलवली, तीसुद्धा सावकाश. बापानं याच्या नेमकं उलटं सांगितलं होतं. बारा वाजता उतावळ्यांना भूक लागते, ते रानभर हिंडतात आणि हरणं उठवतात. जो बसून राहतो त्याच्यासमोर ती येतात. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, आणि इथं तर नवरदेव स्वतः पेस्टी चघळत दलदलीच्या कडेनं परत निघाला होता. त्याची पावलं अर्धा मैल ऐकू गेली असतील.

वीस मिनिटांनी सीडरमध्ये एक कान दिसला. नुसता कान. त्यानंतर कितीतरी वेळ काहीच नाही. आयलीच्या छातीत इतकं धडधडत होतं, की मचाण हलेल अशी तिला भीती वाटली. कानाच्या शेजारी शिंगाचं टोक आलं, मग दुसरं, आणि मग पुन्हा सगळं थांबलं. बंदूक खांद्याला लागलेलीच होती. दुकानातली आयली इतक्या वेळात दोन डोकी कापून मोकळी झाली असती. ही आयली थांबली. अखेर नर दोन पावलं पुढे आला, आडवा झाला, आणि तिनं चाप ओढला.

त्यानं उंच उडी मारली आणि तो सीडरमध्ये घुसला. गोळी लागली होती, हे तिनं पाहिलं होतं. नेमकं त्याच वेळी बर्फ पडायला लागला.

बार ऐकून रॉयस धावतच परत आला. वर बघितलं, दलदलीकडे बघितलं, आणि त्याला सगळं समजलं.

"लागली?"

"लागली."

"मग उतर. बर्फ बघ कसा पडतोय. रक्ताचे थेंब झाकले गेले की बसशील रडत."

"अर्धा तास थांबायचं असतं. आत्ता मागं लागलं तर ते उठेल आणि दलदलीपार जाईल."

"आणि अर्ध्या तासानं?" रॉयस हसू दाबत म्हणाला. "आपल्याकडे ज्याची गोळी त्याचाच माग. मी हात लावणार नाही बरं का."

ते तिलाही ठाऊक होतं. उतरावं तर मचाण जातं. अंधारापर्यंत बसावं तर माग बुजतो, आणि जखमी जनावर रात्रभर कुठंतरी तडफडत पडतं. आयलीला खरोखर रडू येत होतं. अर्धा तास ती घड्याळाकडे बघत बसली, आणि दिवसभरात तेवढाच वेळ तिला बोलावंसं वाटलं नाही. तीस मिनिटं झाली तेव्हा तिनं बंदूक दोरीनं खाली सोडली, पट्टा सोडला आणि ती शिडी उतरली. रॉयसकडे तिनं बघितलंही नाही. तो लगेच वर चढला.

पहिला थेंब बर्फाखालून जेमतेम दिसत होता. दुसरा सापडायला तिला गुडघ्यांवर बसावं लागलं. साठ पावलांवर नर पडलेला होता, आठ टोकांची शिंगं, तोंड आल्या वाटेकडे. तो मेला होता. आधी तो तिथं आडवा होऊन मागं बघत राहिला असणार; लगेच कुणी आलं असतं तर उठून गेला असता. आयलीनं त्याच्या मानेवर हात ठेवला. मग परवान्याची चिठ्ठी शिंगाला बांधली, पोट साफ केलं आणि ओढायला सुरुवात केली.

कॅम्पची वाट मचाणाखालूनच जात होती, आणि तीही चढाची. दहा पावलं ओढायचं, थांबायचं, धापा टाकायच्या. ती दोनदा घसरली. तिसऱ्यांदा घसरली तेव्हा हरणासकट चार पावलं मागं गेली आणि बर्फात बसली. वर रॉयस बंदूक मांडीवर घेऊन बसला होता. त्यानं तोंड दुसरीकडे फिरवलं, मग पुन्हा इकडे. आयली मदत मागेना, तो बोलेना. माणूस समोर असताना ती आयुष्यात इतका वेळ गप्प राहिली नव्हती, आणि बहुतेक तेच त्याला सहन झालं नाही.

"तुझ्या नानाची टांग," रॉयस स्वतःशीच पुटपुटला आणि शिडी उतरला. त्यानं एक शिंग धरलं.

"तुझं मचाण गेलं," आयली म्हणाली.

"माहितीये. ओढ आता."

कॅम्पवर ओन्नी चुलीशी बसला होता. अंधार पडायला अजून तीन तास होते, आणि दोघंही एका हरणासकट दारात उभे. त्यानं शिंगं मोजली, दोघांचे बूट बघितले आणि काय झालं ते सगळं विचारून घेतलं. आयलीनं सांगितलं, नेहमीच्या दसपट थोडक्यात.

"म्हणजे कुणीच बसलं नाही," ओन्नी म्हणाला. "मचाण माझंच राहिलं."

दोघांनी माना खाली घातल्या.

"बरं झालं. जनावर जखमी असताना जो वर बसून राहिला असता, त्याला मी मचाण नाही, घरची वाट दाखवली असती. अर्धा तास कोण थांबलं?"

"मी," आयली म्हणाली.

"मग माझ्या जागी तू बसत जा."

रॉयसनं बूट काढता काढता मान डोलावली. वर एकट्यानं बसायचं म्हणजे शिक्षाच आहे, तिलाच लखलाभ होवो, असं तो म्हणाला. पण त्यालाही वाईट वाटलं होतं, आणि आयलीला ते दिसलं. रात्री सावनात, कॅम्पच्या वाफेच्या खोलीत, तिनं त्याला कबूल केलं की पुढच्या हंगामात मचाणावरचे दोन दिवस त्याचे. मग ती जी बोलायला लागली, ती झोप लागेपर्यंत थांबली नाही.

तिच्या परवान्यावर एकच नर होता. म्हणजे तिचा हंगाम संपला होता. तरी दुसऱ्या दिवशी पहाटे ओन्नीला जाग आली तेव्हा ती दाराशी बूट चढवत होती. बंदूक खुंटीवरच होती.

"कुठं निघालीस?" त्यानं विचारलं.

"बसायला," आयली म्हणाली.