अहो, कलपाक घाला

मी आवाजाचा डबा बोलतोय. हा आवाज माझा नाही, हे आधीच सांगून टाकतो. बिश्केकच्या कार्यशाळेत चाचणीपुरता तो माझ्यात बसवला होता. कुणा बातम्या वाचणाऱ्याचा असावा, कारण रडण्यासारखी गोष्टही त्याच्या तोंडून हवामानाच्या अंदाजासारखी येते. तेवढं सांभाळून घ्या.

तिघा इंजिनिअरांनी मला जन्म दिला. आत संगणक, पुढे कान म्हणून मायक्रोफोन, बाजूला तोंड म्हणून स्पीकर, आणि भोवती अक्रोडाच्या लाकडाची पेटी. काम सोपं. जाणाऱ्या माणसाचं बोलणं ऐकायचं, त्याची ढब उचलायची आणि तो गेल्यावर घरचे जे लिहून देतील ते त्याच्या आवाजात बोलून दाखवायचं.

मला काराकोलच्या एका लहानशा रुग्णालयात पाठवलं. इथे सहा खाटा आहेत आणि बरं व्हायला कुणी येत नाही. शेवटचे दिवस कमी दुखावेत, एवढ्यासाठी माणसं येतात. उद्घाटनाला एक मोठे साहेब आले होते. "आता मरणाने हार मानली," असं म्हणून त्यांनी फीत कापली आणि एकाही खाटेकडे न बघता जेवायला गेले. दुसऱ्या दिवशी गुलबारचिन नर्सने माझ्यावर विणलेला रुमाल घातला आणि वर फुलदाणी ठेवली. मरणाला हरवणाऱ्याचं पहिलं वर्ष असं फुलदाणीखाली गेलं.

तसा मी अगदीच बिनकामाचा नव्हतो. एका तरुण बापाने मुलीसाठी गोष्टी सांगून ठेवल्या. ती पोर अजून त्या ऐकत झोपते म्हणतात. ते ऐकलं की मला बरं वाटतं. पण माझ्या आयुष्याला खरी कलाटणी मिळाली ती सायराकान अपांमुळे.

अपा म्हणजे इथे आई, आजी, कुठलीही वडीलधारी बाई. सायराकान अपांनी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. आजार पोटाचा होता, जीभ मात्र ठणठणीत होती. त्यांचा मुलगा तलान्तबेक मोठा हौशी. आईचा आवाज जपायची कल्पना त्याचीच. त्याने कार्यशाळेतून चष्मेवाल्या इंजिनिअरला बोलावून घेतलं, आणि तो दोनशे वाक्यांचा कागद घेऊन हजर झाला.

"अपा, लिहिलंय तसं वाचा. तिसरं वाक्य. लोखंडी दार बंद करा."

"त्या कडक वस्तूचं दार बंद करा," अपा म्हणाल्या.

"अपा, लोखंडी."

"बाळा, तुझं लग्न झालंय का?"

"नाही अजून."

"म्हणून विचारतोस. माझ्या सासऱ्यांचं नाव तेमीर. तेमीर म्हणजे लोखंड, हे काय तुला मी शिकवू? आत्ता घेतलं नाव, ते तू शहाणा नाहीस म्हणून. अल्ला माफ करो."

नवऱ्याचं आणि सासरच्या थोरांचं नाव सुनेने तोंडावर आणायचं नाही, ही इथली रीत. नव्या मुली ती मानत नाहीत. अपांनी मात्र एक्कावन्न वर्षं पाळली. त्यांच्या वर्गात एकदा नवऱ्याच्या नावाचाच मुलगा आला. हजेरीला त्या सगळ्यांची नावं घ्यायच्या आणि त्याला म्हणायच्या, "तू रे, तिसऱ्या बाकावरचा." बिचाऱ्याची शाळा संपली, पण बाईंच्या तोंडून स्वतःचं नाव काही त्याला ऐकायला मिळालं नाही.

नवऱ्याला त्या "अहो" म्हणायच्या, किंवा "तलान्तचे अता", म्हणजे तलान्तचे वडील. अता रोज दुपारी यायचे. उंच, वाकलेले, हातात पांढऱ्या लोकरीची टोपी. तिला कलपाक म्हणतात. येऊन बसायचे आणि बोलणी खायचे. दाढी नीट केली नाही, चहात साखर तीन चमचे घातली, गाय वेळेवर आणली नाही. म्हातारा मान खाली घालून ऐकायचा आणि जाताना चेहऱ्यावर असं समाधान असायचं, जणू नुकताच पोटभर जेवून उठलाय.

एकदा अपांनी इंजिनिअरला विचारलं, "हे माझं ओरडणं राहील का रे या डब्यात? मी गेल्यावर ह्यांना ओरडणार कोण? सून तर बिचारी तोंड वर करून बोलत नाही."

"अपा, आपल्याला स्वच्छ वाक्यं हवीत," इंजिनिअर म्हणाला. "मध्येच खोकला, दाराचा आवाज, बडबड, हे सगळं मी 'खराब'मध्ये टाकतो."

म्हणजे आयुष्यभराचं जे खरं बोलणं, ते खराबात गेलं, आणि "आज आकाश निरभ्र आहे" हे चांगल्यात. मी यंत्र. मी काय बोलणार?

एका दुपारी नर्स मला बंद करायला विसरली. अता उठून दारापर्यंत पोचले होते.

"अहो, कलपाक घाला. वारा आहे," अपा म्हणाल्या. "तसं नाही, कानावर ओढा. लहान आहात का तुम्ही? आणि पायऱ्या बघून उतरा."

दार लागलं. पायऱ्यांवरचा काठीचा आवाज खाली गेला. तो पुरता थांबेपर्यंत अपांनी कान दिला. मग त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं.

हळूच, एकदाच. नवा पदार्थ चाखून बघावा तसं. मग स्वतःशीच हसल्या, हसता हसता खोकल्या, आणि माझ्या लाल दिव्याकडे त्यांची नजर गेली.

"जागा आहेस होय रे मेल्या? कुणाला सांगू नकोस."

चार दिवसांनी अपा गेल्या. मी रडलो असं म्हणणार नाही, मला ती सोय नाही. पण त्यानंतर कितीतरी दिवस कुणीही बोलायला लागलं की मी आधी त्यांचीच ढब शोधायचो.

आता तलान्तबेकची हौस बघा. चाळिसाव्याला, म्हणजे आई गेल्याच्या चाळिसाव्या दिवशीच्या जेवणाला, त्याने घोडा कापला, सगळा गोतावळा बोलावला आणि मलाही गाडीत घालून घरी नेलं. "लोकांच्या आया जातात," तो बायकोला म्हणाला, "माझी आई स्वतःच्या चाळिसाव्याला स्वतः आशीर्वाद देणार." मला थोरांच्या जागी, रजयांच्या चळतीपुढे बसवलं. समोर पाहुणे, मांसाची ताटं, बोरसोकचे ढीग. तळलेल्या कणकेचा तो वास म्हणे गेलेल्यांपर्यंत पोचतो. मला नाक नाही, पण कौतुक फार वाटलं. खोटं कशाला सांगू, मी फुशारलो होतो. अपांचा आवाज माझ्याइतका कुणालाच जमत नव्हता.

तलान्तबेकने मजकूर लिहून दिला होता. चांगला दोन पानी. सगळ्यांनी आशीर्वाद घ्यायला ओंजळी पसरल्या आणि मी अपांच्या आवाजात सुरुवात केली. पहिल्याच वाक्यात माझ्या प्रिय पतीचं नाव, दुसऱ्यात पूज्य सासरे तेमीर, तिसऱ्यात दोन्ही दिरांची नावं. सगळी खणखणीत.

पसरलेल्या ओंजळी तशाच राहिल्या. म्हाताऱ्या बायकांनी डोक्यावरच्या रुमालाची टोकं तोंडात धरली. त्यातल्या एकीला हसू आवरेना. मोल्दो, म्हणजे प्रार्थना सांगणारे मौलवी, चहाच्या वाडग्यात काही पडलंय का ते बघू लागले.

अतांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "ही कोण बाई?"

"अता, अपाच आहेत," तलान्तबेक म्हणाला. "आवाज ओळखला नाहीत?"

"आवाज ओळखला. बाई कोण, ते विचारतोय. एक्कावन्न वर्षं माझ्या घरात नांदली, माझं नाव कधी जिभेवर आणलं नाही. आणि आता चारचौघांत हाका मारत सुटली होय?"

"मी लिहिलं होतं ते, अता. चांगलं दिसावं म्हणून..."

"तू लिहिलंस ना? मग तुझ्या तोंडाने बोलायचं. तिचं तोंड कशाला उसनं घेतलंस?" म्हाताऱ्याचा आवाज फाटला. "चाळीस दिवस कान लावून बसलो होतो मी. म्हटलं, एकदा तरी ओरडेल."

ते उठून बाहेर गेले. मला गोठ्याशेजारच्या खोलीत, मुरंब्याच्या बरण्या आणि जुनं खोगीर यांच्या मधोमध ठेवलं. मरणाला हरवणाऱ्याचा मुक्काम आता मुरंब्यापाशी. तिथे मला पहिल्यांदा लाज वाटली. आवाज हुबेहूब होता, फक्त बाई नव्हती.

आठवड्याने मी काराकोलला परतलो. तलान्तबेकने शरमेने सगळी हकीकत सांगितली, तशी गुलबारचिन माझ्यापाशी येऊन बसली. फुलदाणी उचलली, रुमाल काढला आणि 'खराब'मधलं एकेक ऐकू लागली. मग तिने अतांना फोन केला.

ते गुरुवारी आले. सुनेने तळलेले बोरसोक फडक्यात बांधून आणले होते. एक माझ्यापुढे ठेवला, चाळिसाव्याला माझ्यावर ओरडले होते त्याची भरपाई असावी.

गुलबारचिनने बटण दाबलं. "अहो, कलपाक घाला. वारा आहे."

म्हातारा ताडकन उठला आणि त्याने कलपाक डोक्यावर चढवला. "तसं नाही, कानावर ओढा." त्याने कानावर ओढला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडावर तेच पोटभर जेवल्याचं समाधान. "पायऱ्या बघून उतरा" ऐकलं आणि तो पायऱ्या बघून उतरला. दार लागण्याच्या आवाजापाशी नर्सने मला बंद केलं. ती हळवी बाई, पुढचं तिनेही कधी ऐकलं नव्हतं.

असे अकरा गुरुवार गेले. नाव तिथेच, दाराच्या आवाजापलीकडे, थोड्याशा शांततेनंतर होतं. माझी घुसमट व्हायची. सांगू नकोस म्हणाल्या होत्या, पण सांगण्यासारखं माझ्याकडे तेवढं एकच खरं होतं.

बाराव्या गुरुवारी दुसऱ्या खोलीतून कुणी हाक मारली म्हणून गुलबारचिन पळाली. मी चालूच राहिलो. अता दारात होते. शांतता झाली, आणि मग त्यांच्या पाठीमागून त्यांचं नाव आलं.

ते वळले. हसणं ऐकलं, खोकला ऐकला, "कुणाला सांगू नकोस"ही ऐकलं. चेहरा एकदा उजळला आणि मग दगडासारखा झाला.

"पुन्हा सुरू केलीस लबाडी?" ते माझ्यावर खेकसले. "ती असं कधीच बोलायची नाही. तलान्तने लिहून दिलं असेल!"

धावत आलेली गुलबारचिन म्हणाली, "अता, हे खरं आहे हो. देवाशपथ, कुणी लिहिलेलं नाही."

"हा डबा काहीही बोलतो. सगळ्या गावाने ऐकलंय." आणि ते निघून गेले.

ते बरोबरच होतं. एकदा त्यांच्या बायकोच्या आवाजात मी खोटं बोललो होतो. आता खरं बोललो तरी माझ्यावर विश्वास कोण ठेवणार?

काल पुन्हा गुरुवार होता. मला वाटलं, आता कसले येतात. पण अता रोजच्यापेक्षा तासभर आधी आले. बोरसोक ठेवला, खुर्ची माझ्याजवळ ओढली. कलपाक घरूनच घालून, कानावर नीट ओढून आले होते. त्यामुळे "कलपाक घाला" झालं, "पायऱ्या बघून उतरा" झालं, तरी उठायचं काही कारण राहिलं नाही. दाराचा आवाज आला, तसं गुलबारचिनने बटणाकडे बोट नेलं.

"राहू दे," म्हातारा भिंतीकडे बघत म्हणाला. "बघू तरी, मेला किती खोटं बोलतो."

तो चार वेळा ऐकून गेला.

मंडळी, माझ्यावर आता फुलदाणी ठेवत नाहीत, फक्त रुमाल असतो. तुम्ही कधी माझ्यापाशी आलात, तर आपल्या माणसासाठी चांगली वाक्यं लिहून आणू नका. त्याला हवं तसं ओरडू द्या, खोकू द्या, आणि मी जागा असलो तर असू द्या. आणि ते नाव काय होतं, ते मात्र मला विचारू नका. अपांनी कुणाला सांगू नकोस म्हटलंय.