आवरताना तोंडात टाकलेलं

मी चोरून गोड खाते, असा माझ्यावर आळ आला. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, माझ्याच घरात! नल्लकुंट्याच्या या घरात चाळीस वर्षं मी सगळ्यांना वाढत आले. आणि आळ घेणारं कोण, तर माझ्याच दंडावर चिकटवलेली रुपयाएवढी चकती.

आधी डोळ्याचं सांगते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यातला डावा पिकलेला. हिमायतनगरच्या भाग्यलक्ष्मी मॅडमनी दोनदा ऑपरेशनची तारीख दिली आणि दोन्ही वेळा साखर बघून परत धाडलं. दुसऱ्यांदा तर त्या चिडल्याच. "अम्मा, शुगर ऐसीच रही तो पीछे का पर्दा खराब हो जाता. फिर मोतीबिंदू निकाल के भी क्या देखते आप?" येताना ऑटोत यांनी विचारलं, "काय म्हणाल्या?" मी म्हटलं, "काही नाही." काय सांगायचं? भीती वाटत होती मला. नात ईशा समोर येऊन बसली तरी तिचं तोंड दुधात बुडवल्यासारखं दिसायचं. पोरीचे पडलेले दात परत आले की नाही तेसुद्धा दिसेना. ती आता कायमची अशीच दिसायची की काय, या विचारानं रात्री पाठ टेकवेना.

आणि पथ्य मी पाळत होते हो! दीड भाकरी, वाटीभर वरण, भाजी, मूठभर भात. चहा बिनसाखरेचा. साखरेच्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा हेच सांगितलं आणि देवाशपथ खरं सांगितलं. त्यांनी एक गोळी वाढवली, मग दुसरी. साखर ढिम्म. शेवटी ते म्हणाले, ही चकती दंडाला लावा, दिवसभर कधी साखर चढते ते फोनवर रेघेनं दिसेल.

फोन कुणाचा? सुनेचा, ऋचाचा. ती पुण्याची, माधापूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. म्हणजे इथं माझ्या रक्तात काय चाललंय ते तिला तिथं बसून दिसणार. पहिल्याच दिवशी पावणेदहाला फोन. "आई, आत्ता काय खाल्लंत?"

"काही नाही."

"साखर भराभर वर चाललीय."

"मग त्या चकतीलाच विचार, तिनं काय खाल्लं ते."

दुपारी अडीचला पुन्हा तेच. रात्री दहाला ऋचा घरातच होती, फोन हातात घेऊन माझ्यासमोर आली. वीज खात्यातून रिटायर झालेले आमचे एकनाथराव खुर्चीत बसून मजा बघत होते. "साखरेचं खाणार त्याला देव देणार! इंदू, डबा कुठं लपवलायस तेवढं सांग. निम्मा माझा." मी म्हटलं, "तुम्ही गप बसा." पण चार दिवस हेच चाललं तेव्हा माझा मुलगा, प्रशांत, जेवताना मान खाली घालून म्हणाला, "आई, खात असशील तर सांग ना. कुणी रागावणार नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे, आईला चोर म्हणतोस? जन्मात कुणाच्या डब्याला विचारल्याशिवाय हात लावला नाही मी!" उठले, खोलीत गेले, दार लावलं आणि रडले. मनापासून रडले. खरं बोलणाऱ्या माणसावर घरचेच विश्वास ठेवीनात, याहून वाईट काय असतं सांगा.

दुसऱ्या दिवशी ऋचा ऑफिसला गेली नाही. लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली. मनात म्हटलं, पहारा बसला वाटतं. बसू दे, माझ्या मनात काय चोर आहे? ईशा शाळेला गेली, प्रशांत कामाला गेला, हे पेपर घेऊन बाल्कनीत. मी नेहमीसारखी स्वयंपाकघराकडं वळले. ऋचाशी बोलतच होते, की बाई, रयतु बाजारात आज गोंगुऱ्याची भाजी चांगली मिळेल. बोलता बोलता ईशाच्या ताटलीतला अर्धा डोसा तोंडात टाकला, ताटली सिंकमध्ये. उपम्याचं पातेलं चमच्यानं खरवडलं, तेही तोंडात. यांनी अर्धं केळं सालीसकट ठेवून दिलं होतं, ते संपवलं. फ्रिज उघडला, कालचा वाटीभर शिरा होता. ऋचा आज तो फेकणार हे मला ठाऊक, म्हणून तोही उभ्या उभ्या संपवला आणि वाटी विसळली.

"आई," ऋचा म्हणाली, "हे काय केलंत?"

"काय केलं? आवरलं."

"खाल्लंत तुम्ही."

"ह्याला काय खाणं म्हणतात का गं? हे आवरणं झालं."

ती खो खो हसायला लागली. मग माझ्याकडं बघत राहिली आणि तिचं हसू गेलं. "तुम्हाला खरंच वाटतं ना, की तुम्ही काही खाल्लं नाही?"

खरंच वाटत होतं. खाणं म्हणजे ताट वाढून, पाटावर नाहीतर खुर्चीवर बसून खायचं ते. ओट्याशी उभं राहून तोंडात जातं ते कोण मोजतं? ओटा फडक्यानं पुसला हे जसं डॉक्टरला सांगत नाही, तसंच ते. माझी आई तसंच करायची, सासूबाई तसंच करायच्या. बहात्तरच्या दुष्काळात मी तेरा वर्षांची होते. नांदेडकडच्या आमच्या गावात रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी मिळायच्या, शाळेत सुकडी. आम्हा भावंडांचं झालं की आई पातेलं बोटानं पुसून बोट चाटायची. लहानपणी मला वाटायचं, आईला तशीच सवय आहे. ते तिचं जेवण होतं, हे फार उशिरा कळलं. त्या बाईच्या लेकीनं अर्धा डोसा कचऱ्यात टाकायचा? हात धजत नाही. ऋचा उरलेल्याचे डबे भरून फ्रिजमध्ये ठेवते, वर तारखेच्या चिठ्ठ्या चिकटवते आणि तिसऱ्या दिवशी खुशाल फेकते. तिनं फेकायच्या आत मी संपवायचे. दोघींची जणू शर्यत होती, फक्त तिला ते माहीत नव्हतं.

हे सगळं मी तिला सांगितलं. ती वाद घालेल असं वाटलं होतं, घातला नाही. एवढंच म्हणाली, "शनिवारी सगळे घरी आहेत. रोजच्यासारखंच आवरा. फक्त तोंडात टाकण्याऐवजी ह्या ताटात ठेवा."

"हे काय आता नवीन खूळ?"

"माझ्यासाठी करा, आई."

केलं. मला वाटलं, दोन घास निघतील. सकाळी ईशाचा डोसा आला, कडेकडेचा. मग पोह्यांच्या कढईच्या तळाचं. दुपारी प्रशांतचा दहीभात. हा लहानपणापासून शेवटचे चार घास टाकतोच. यांची अर्धी पुरी, श्रीखंडाची चाटून न संपवलेली वाटी. शेजारणीनं दिलेला पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, ज्याच्यावर ऋचाची कालची तारीख होती. सामोशाचं टोक. अर्ध्या पोळीचे तीन तुकडे, तिन्ही वेगवेगळ्या माणसांचे. संध्याकाळी सहाला ताटात ढीग झाला होता. माझं दुपारचं जेवण त्याच्या निम्मंसुद्धा नव्हतं. मी खुर्ची ओढून बसलेच.

"हे मी रोज खाते?"

"रोज," ऋचा म्हणाली.

तिनं सगळ्यांना बोलावलं. कुणी काही सांगायची गरजच पडली नाही, ज्यानं त्यानं आपापलं ओळखलं. "हा दहीभात माझा," प्रशांत म्हणाला. मग अगदी बारीक आवाजात, "आई, तू अजून माझं उष्टं खातेस?"

"मग काय शेजाऱ्यांचं खाऊ?" मी खेकसले. खेकसले नसते तर रडले असते. यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. चेष्टा करायला माणसाला शब्द सापडेना, हे मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

ऋचा ताट उचलायला लागली. मी हात आडवा घातला. "फेकायचं नाही! एवढं अन्न कचऱ्यात गेलं तर माझ्या जिवाला चैन पडायची नाही."

"आणि तुम्ही खाल्लंत तर तुमचा डोळा जाईल, आई!" तिचा आवाज चढला. ती माझ्यावर ओरडत नव्हती, घाबरली होती पोरगी. आम्ही दोघी त्या ताटाला धरून उभ्या. ती म्हणत होती तेही खरं, मी म्हणत होते तेही खरं, आणि मधल्या मध्ये ते ताट.

तेवढ्यात हे उठले. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, स्वतःचं ताट कधी सिंकपर्यंत नेलं नाही या माणसानं. त्यांनी ते ताट आपल्याकडं ओढलं, स्वतःची पुरी शोधून काढली आणि खायला लागले. "ईशा, ये. तुझा डोसा घे."

"ई! आजोबा, गार झालाय तो!"

"तुझी आजी रोज गारच खाते."

ईशानं माझ्याकडं पाहिलं आणि मुकाट्यानं डोसा घेतला. प्रशांतनं दहीभात खाल्ला, खाली बघत. पुलिहोरा ऋचानं गरम करून सगळ्यांना वाढला. आंबून गेलेलं तेवढं गच्चीतल्या तिच्या खताच्या कुंडीत गेलं, त्याला माझीही ना नव्हती.

तेव्हापासून नियम झाला, ज्याचं त्यानं संपवायचं. मलाही माझा वाटा उचलावा लागला. मी रांधायचे ते पाच माणसांसाठी सात माणसांचं. पातेलं रिकामं झालं की मला वाटायचं, कुणी अर्धपोटी तर उठलं नाही ना! आता ऋचा शेजारी उभी राहून तांदूळ मोजायला लावायची आणि मी मूठभर गुपचूप वर टाकायचे. तिनं हात धरला की मी म्हणायचे, "नक्को गं बाई, एवढी कंजुषी!" पण हळूहळू मूठ थांबली. साखर उतरायला लागली. ऑफिसातून तिचा फोन यायचा, "आई, आज रेघ सपाट!" मी मॅट्रिक पास झाल्यासारखी ती ओरडायची. मला मनातून फार बरं वाटायचं. लेक नाही मला, पण आता तसं म्हणवत नाही.

तिसऱ्यांदा दिलेल्या तारखेला भाग्यलक्ष्मी मॅडमनी कागद बघितला आणि म्हणाल्या, "अब आओ, अम्मा." डावा डोळा झाला. पट्टी काढली तेव्हा समोर ईशा होती. दात आले होते पोरीला, दोन्ही, मध्ये बारीकशी फट. भुवईत एक तीळ आहे, तो कधी आला देव जाणे! मी तिचं तोंड दोन्ही हातांत धरून बघतच राहिले. मॅडम म्हणाल्या रोना नहीं, पण ते काय आपल्या हातात असतं?

चौथ्या दिवशीची गोष्ट. मला ओट्याजवळ जायला बंदी होती, वाफ लागते म्हणून. काळा चष्मा लावून मी जेवणाच्या टेबलाशी बसले होते. ईशाची रिक्षा गेली होती. प्रशांत आतल्या खोलीतून, किल्ली कुठंय, म्हणून ओरडत होता. ऋचाची खांद्यावर बॅग, ऑफिसला निघालेली. ओट्याशी उभी राहून एका हातानं ती फोन बघत होती. दुसऱ्या हातानं तिनं ईशाची अर्धी पोळी उचलली आणि तोंडात कोंबली. मग प्रशांतची वाटी घेतली. चार चमचे दहीभात, भराभर, न चावता. मग कढईतलं लागलेलं. तिच्या भांगात पांढरे केस आलेत, डोळ्यांखाली काळं झालंय, गळ्याशी भरलीय. इतक्या लांबून मला सगळं लख्ख दिसलं. आणि माझी रेघ सपाट कशी झाली, तेही कळलं. घरातलं उरणं थांबलंच नव्हतं. प्रशांतनं नियम दोन आठवडे पाळला असेल, ईशानं एक. माझ्या डोळ्यासाठी त्या पोरीनं सगळं स्वतःच्या पोटात घातलं होतं, आणि मला एका शब्दानं कळू दिलं नव्हतं.

"ऋचा! ठेव ते खाली!"

केवढ्यानं ओरडले असेन, प्रशांत एका पायात बूट घालून धावत आला. "काय झालं? डोळा दुखतोय?"

"डोळ्याला काय धाड भरलीय? चांगला दिसतोय मला आता. ही वाटी तुझी ना? घे. संपव. इथंच, माझ्यासमोर."

तो बायकोकडं बघायला लागला. "तिच्याकडं काय बघतोस? आईला उष्टं खायला लावणं बंद केलंस आणि बायकोला जुंपलंस होय रे?" त्यानं वाटी घेतली. कान लाल झाले होते त्याचे, होऊ देत.

"आई, राहू द्या, मला उशीर होतोय," ऋचा पुटपुटली.

"होऊ दे. सकाळपासून ताट वाढून काही खाल्लंस?"

मी उठले, बंदी मोडून ओट्याशी गेले. डब्यातली मऊ पोळी तव्यावर गरम केली, भाजी घेतली, ताट केलं आणि टेबलावर ठेवलं. "बस. बॅग काढ आणि बस. जेवल्याशिवाय कुठं जायचं नाही."

तिनं बॅग खाली ठेवली, बसली, पहिला घास मोडला आणि तिचे डोळे भरून आले. मी काळा चष्मा काढून तिच्या समोरची खुर्ची ओढली, आणि तिचं ताट संपेपर्यंत तिथंच बसून राहिले.