नाव नसलेली बातमी

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो. पण शाळेतला नव्हे. कोल्हारच्या अलीकडे प्रवरेकाठी एक लहान गाव आहे, तिथल्या एसटी थांब्याला टेकून मी उभा असतो. बजरंग सुताराने मला सागवानी लाकडातून घडवलं, तेव्हा गावात पेपर एकच यायचा, तोही दुपारी. तो वाचून शामकांत गुरुजी माझ्यावर ठळक बातम्या लिहायचे. शाळेतून ते निवृत्त झाले, माझ्यापासून मात्र कधी झाले नाहीत.

गुरुजींचा एक नियम होता. गावातली बातमी असेल, तर तिच्याखाली ती सांगणाऱ्याचं नाव लिहायचं. एकदा त्यांच्या सख्ख्या मेव्हण्यानेच नाव द्यायला नकार दिला. त्याची बातमी काही लागली नाही, आणि मेव्हणा वर्षभर जेवायला आला नाही. लोक आधी नाव वाचायचे आणि मग बातमीवर किती विसंबायचं ते ठरवायचे. थापाड्या गहिनीनाथचं नाव दिसलं की हसून पुढे जायचे. रोजचा मजकूर गुरुजी वहीतही उतरवून ठेवायचे. मला या सगळ्याचा भारी अभिमान वाटायचा.

पुढे मोबाईल आले आणि माझ्याकडे बघायला कोणाला सवड उरली नाही. माझा रंग उडाला, एका पायाला वाळवी लागली. खरं सांगतो, फार एकटं वाटायचं. म्हणूनच नवप्रभात पक्षाची प्रसिद्धी सांभाळणाऱ्या रविराजने मला नवा काळा रंग दिला, डोक्यावर पत्रा घातला, तेव्हा मी अगदी हुरळून गेलो.

मग पंचायत समितीची निवडणूक लागली. गावच्या बनुबाई अपक्ष उभ्या होत्या आणि त्या रविराजच्या पक्षाला जड जाणार, असं जो तो म्हणत होता. मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळीच रविराज चिठ्ठी घेऊन आला. ‘बनुबाईंचा नवप्रभात पक्षाला पाठिंबा.’

“खाली तुझं नाव लिहितो,” गुरुजी म्हणाले.

“ऱ्हाऊ द्या की गुरुजी! आपल्याच मानसाचं काय नाव लिव्हायचं?” असं म्हणून त्याने माझ्यावरच्या पत्र्याकडे सहज पाहिलं.

गुरुजींचीही नजर वर गेली. त्यांना भीड पडली, आणि त्यांनी नाव लिहिलं नाही. मला त्या वेळी ओरडावंसं वाटलं, असं म्हणालो तर ते खोटं होईल. मी आपला नव्या रंगातच मश्गूल होतो.

तासाभरात माझा फोटो आसपासच्या सगळ्या गावांत फिरला. गुरुजींच्या फळ्यावर आलंय, म्हणजे खरंच असणार, असं लोक म्हणू लागले. बनुबाई दिवसभर मतदान प्रतिनिधी नेमायला बाहेरगावी गेल्या होत्या. परतल्या त्या थेट माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“गुरुजी, म्या कवा पाठिंबा दिला? आन् त्यो रविराज बोलला असता तर कुनी मानलं नसतं. तुमी लिव्हलं म्हनून मानलं!”

गुरुजींचा चेहरा उतरला. त्यांनी पुसायला फडकं उचललं, तसा बनुबाईंनी त्यांचा हात धरला.

“पुसू नका. पुसलं की झालंच न्हाई म्हनत्याल.”

तेव्हा गुरुजींनी त्या बातमीखाली लिहिलं, ‘वरची बातमी खोटी आहे. ती रविराज यांनी दिली. त्यांचं नाव न लिहिण्याची चूक माझी. शामकांत.’ पण हा खुलासा काही वेशीपलीकडे गेला नाही. बनुबाई थोडक्या मतांनी पडल्या.

निकालानंतर गुरुजी वह्या घेऊन माझ्यासमोर बसले. हळूहळू गाव जमलं. पक्षाची एकेक जुनी बातमी वाचून खरी किती निघाली ते बघू लागलं. नदीकडचा रस्ता मंजूर झाल्याची बातमी तीनदा लागली होती, रस्ता मात्र अजून मातीचाच होता. गावाने माझ्यावर लिहून विचारलेल्या प्रश्नांना पक्षाने एकदाही उत्तर दिलं नव्हतं. हे सारं गुरुजींनी माझ्यावर लिहिलं, शेवटी ‘रविराज यांचं उत्तर’ असं लिहून खाली जागा सोडली आणि डोक्यावरचा पत्रा उतरवून पक्षाच्या कार्यालयात पोचता केला. ती जागा अजून कोरी आहे.

मित्रांनो, मला रंग दिला नाही तरी चालेल. पण तुमच्या हातातल्या मोबाईलवर बातमी आली, तर ती पुढे धाडण्याआधी कोणी दिली ते बघा. नाव सापडलं नाही, तर तिथेच थांबा.

आता ऊनपाऊस थेट अंगावर येतो आणि अक्षरं धुऊन जातात. दुसऱ्या दिवशी गुरुजी काठी टेकत येतात. ताज्या बातमीआधी बनुबाईंच्या बातमीचा तो खुलासा पुन्हा लिहून काढतात, स्वतःच्या नावासकट.