बिजलीचा झाडू

दगडोबानं सायकलची जुनी ट्यूब मांडीवर ताणून धरली आणि कात्रीनं तिची बोटभर रुंद गोल पट्टी कापली. ती वाकडी गेली, म्हणून टाकून दिली आणि दुसरी कापली. समोर फरशीवर केर ओढायची मशीन उताणी पडली होती. तिच्या पोटातला केसाळ रूळ त्यानं पायाच्या दोन अंगठ्यांत धरला होता. एरवी रूळ धरायला त्याची बायको मनकर्णा समोर बसायची. नवा पट्टा मोटरच्या दांड्यावरून रुळावर चढवताना दोनदा निसटला, तिसऱ्यांदा बसला. मनकर्णाला जाऊन त्या दिवशी सतरा दिवस झाले होते.

“दगडूभाऊ, झालं का मशीनचं?” दारातून धुरपताबाईनं विचारलं.

“करून राहिलो, मावशी. चालवून बघतो आन् देतो.”

“घाई न्हाई बापा. पर शालूला रातभर झोप न्हाई. खोकून खोकून पोरगी वाकून गेली.”

धुरपताबाई भिंतीला भिंत लागून राहायची. शालू तिची सून. हिंगोलीच्या कापसाच्या जिनात दोन हंगाम तिनं सरकी काढायच्या रेच्यावर कापूस घातला, आणि आता तिच्या छातीत तीच घरघर सुरू झाली होती जी मनकर्णाच्या छातीत होती. जिनातल्या बायांना रुईचं तूस काही नवीन नव्हतं. केसांत, भुवयांवर, भाकरीच्या फडक्यात, सगळीकडे ते असायचं. कुणाच्या छातीत बसायचं, कुणाच्या नाही.

धुरपताबाई गेली तसा दगडोबा पान्यानं मशीनचे नट आवळायला लागला. द्यायचं म्हणून तो बोलून गेला होता खरा, पण मनात एक काटा होता. शेवटच्या आठवड्यात मनकर्णा त्याचा हात धरून म्हणाली होती, “एक ऐका माझं. ही मशीन कोनाला देऊ नका.”

“काहून?”

“देऊ नका म्हंते ना.”

त्याला तेव्हा मनातून लाज वाटली होती. तव्यावरची शेवटची भाकरी मोडून दारच्या माणसाला देणारी ही बाई, आणि मरतेवेळी एका मशीनवर जीव अडकवून बसली! आजारानं माणसाची बुद्धी फिरते, असं म्हणून त्यानं ते पोटात ठेवलं. कुणाला सांगितलं नाही. आता शालूचा खोकला भिंतीतून ऐकू यायला लागल्यावर त्यानं ठरवलं होतं, मनकर्णा, तुझा एवढा एक शब्द मोडतो, माफ कर.

मशीन आली त्याची कथा सगळ्या जिनाला पाठ होती. दोन वर्षांपूर्वी जुने मॅनेजरसाहेब मुंबईला निघून गेले आणि बंगला रिकामा झाला. मागच्या पडवीत मॅडमचा बिजलीचा झाडू गंजत पडला होता. उभा दांडा, खाली लोखंडी तोंड, दांड्याला लटकलेली पिशवी उंदरांनी कुरतडून चिंध्या केलेली. राखणदार भावसिंग तो भंगारात टाकायला निघाला होता. दगडोबानं तो खांद्यावर टाकून घरी आणला, तेव्हा खोल्यांच्या रांगेतली सगळी माणसं दारात येऊन उभी राहिली. आधीच डोंगरकडा गावच्या कुणब्याचा पोरगा इंजिनावरचा फिटर झाला म्हणून लोक त्याला वचकून असत. आता त्यांना हसायला आयतं सापडलं.

“काय दगडोबा, घरात मॅडम आनून राहिला का?”

“मॅडम घरात हायच,” तो म्हणाला होता, “झाडू तेवढा न्हवता.”

हसणाऱ्यांना कारण ठाऊक नव्हतं असं नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मनकर्णाची छाती तपासून सांगितलं होतं, रेच्यावर पाय ठेवायचा नाही, आणि घरात धूळ उडू द्यायची नाही. रेचा तिनं सोडला. पण झाडू मारला की धूळ उडणार, न मारावा तर जिनाचं तूस खिडकीदारातून येऊन फरशीवर साचणार. यावर दगडोबाला सुचलं ते हे. जिनाच्या डायनामोवरून फिटरांच्या खोल्यांना एकेका दिव्यापुरती तार आली होती, हंगाम चालू असेपर्यंत वीज असायची. तेवढी त्याला पुरे होती.

इंजिनाच्या माणसाला बायकोशी गोड बोलता येत नाही. दगडोबाला तर मुळीच येत नव्हतं. त्यानं बारा दिवस त्या मशीनशी झटापट केली. मोटरमधले झिजलेले कार्बनचे ठोकळे काढून डायनामोचे जुने कार्बन कानशीनं घासून बसवले, सायकलच्या ट्यूबचा पट्टा केला, बेअरिंगला तेल दिलं. राहिली पिशवी. पहिली त्यानं जाड मांजरपाटाची शिवली, तर मशीन गुदमरल्यासारखी घरघरायला लागली, केराची ओढ कमी झाली. इंजिनाचा माणूस सगळं ओढीवर जोखतो. मग त्यानं मनकर्णाचं जुनं लुगडं घेतलं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ आणि विरळ झालेलं, आणि त्याची पिशवी शिवली. हवा मोकळी झाली. मशीननं फरशीवरचं तूस, सरकीचे दाणे, सगळं सपासप गिळलं.

मनकर्णा खाटेवर बसून बघत होती. “अगं माय,” ती म्हणाली, “माझ्या लुगड्यात सगळ्या जिनाचा केर चालला की!” आणि किती दिवसांनी हसली. हसताना तिला ठसका लागला, तरी हसत राहिली. दगडोबाला वाटलं, जिंकलं आपण.

तेव्हापासून तो रोज सकाळी इंजिन सुरू करून देऊन न्याहारीला घरी यायचा आणि आधी मशीन चालवायचा. मनकर्णाला काही सवयी लागल्या होत्या. त्यानं मशीनला हात लावला की ती उठायची आणि पूर्वेची खिडकी लावून घ्यायची.

“ऊन डोळ्यावर येतं,” म्हणायची.

मग पदर नाकाला लावून बसायची. तेलाचा वास सोसत नाही म्हणायची. काम झालं की फरशीवरून हात फिरवून, “कशी लख्ख झाली बघा,” म्हणायची. तो खुशीत भाकरी खायचा. दर पंधरा दिवसांनी मशीन खोलायची, रुळाभोवती गुंडाळलेला दोरा आणि तिचे लांब केस कात्रीनं कापून काढायचे, तेल द्यायचं, पट्टा बघायचा. तिचं औषध चुकलं असेल, मशीनची देखभाल एकदाही चुकली नाही.

हंगाम संपला, वीज बंद झाली, आणि उन्हाळ्यात तिला बरं वाटलं. जिन बंद, तूस नाही, म्हणून बरं वाटलं असं त्यानं धरलं. पुढच्या हंगामात मशीन पुन्हा सुरू झाली आणि तिची छाती पुन्हा बिघडली. पौषात ती गेली.

आता त्यानं मशीन उभी केली, तार जोडली आणि कळ दाबली. पट्टा नीट बसला होता, आवाज स्वच्छ होता. त्यानं दोन पावलं मशीन पुढे ढकलली आणि थांबला.

पूर्वेची खिडकी उघडी होती. लावायला कुणी नव्हतं. कोवळ्या उन्हाचा कवडसा आडवा आत येऊन समोरच्या भिंतीवर पडला होता, आणि त्या कवडशात लुगड्याच्या पिशवीतून धूळ बाहेर पडत होती. पिठासारखी बारीक. सगळ्या पिशवीभर, सगळ्या बाजूंनी, वाफ निघावी तशी निघत होती आणि खोलीभर वर चढत होती. जाड तूस तेवढं आत राहत होतं. बारीक होतं ते सगळं हवेत. कवडशाच्या बाहेर काहीच दिसत नव्हतं. कवडशात दुसरं काही दिसत नव्हतं.

त्यानं कळ बंद केली नाही. त्याला सुचलंच नाही. तो जाऊन खिडकीपाशी उभा राहिला आणि त्यानं खिडकी लावली. कवडसा गेला. खोलीतली हवा नितळ झाली, रोज असायची तशी. त्यानं खिडकी उघडली. धूळ. लावली. काही नाही.

मग त्यानं मशीन बंद केली आणि तिच्या खाटेवर बसला.

“दगडूभाऊ?” मशीनचा आवाज थांबला तशी धुरपताबाई दारात आली होती. मागे शालू, तोंडाला पदर लावून. “चालली म्हनायची!”

“आत येऊ नका,” दगडोबा एवढ्या जोरात ओरडला, की शालू दोन पावलं मागे सरली. मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं, “मावशी, मनकर्णा मशीनबद्दल कधी काई बोलली का तुमाला?”

“लई बोलायची. आख्ख्या जिनात कोनाचा मालक बायकोसाठी केर काढतो, म्हनायची. रोज सांगायची, कान किटले माझे.” धुरपताबाई हसली आणि मग थबकली. “पर एक होतं बघा. तुमी परत कामावर गेले की ओलं फडकं घ्यायची आन् फरशी, भिंत, खाट, समदं पुसत बसायची. धापा टाकत. म्या म्हनलं, काहून गं, मशीन फिरून गेली ना आत्ताच? तर म्हने, मशीन बराबर काम करून राहिली, माझीच हौस. आन् त्यायला सांगू नका, म्हने.”

दगडोबानं मान खाली घातली. हंगामभर दुपारी दोरीवर वाळत पडलेलं ते फडकं त्यानं रोज पाहिलं होतं.

एक शब्द. पिशवीतून धूळ येते, एवढं जरी ती बोलली असती, तरी त्यानं त्याच रात्री जाड पिशवी शिवली असती. ओढ कमी झाली असती, होऊ द्यायची. एका संध्याकाळचं काम होतं. तिनं ते त्याला करू दिलं नाही, कारण पहिल्या दिवशी तो जिंकल्यासारखा हसला होता आणि ते हसू तिला मोडवलं नाही. आणि तो असा फिटर, की मशीनचा बदललेला आवाज त्याला भिंतीपलीकडून कळायचा, पण शेजारी बसलेल्या बाईचा बदललेला श्वास त्याला कळला नाही. तो तोंडावर हात धरून रडला. धुरपताबाई दारातच उभी राहिली. आत येऊ नका म्हटलं होतं, म्हणून आली नाही.

“मावशी,” डोळे पुसून तो म्हणाला, “उद्या देतो. आज न्हाई.”

खुंटीवरची त्याची जाड खाकी पँट त्यानं काढली, उसवली आणि दुहेरी करून पिशवी शिवली. टाके बारीक घातले. लुगड्याची पिशवी दांड्यावरून उतरवली, अंगणात नेऊन झटकली, धुतली, आणि त्या फडक्याच्या जागी दोरीवर वाळत घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं शालूच्या खोलीत मशीन नेली. शालूला बाहेर बसवून खिडकी सताड उघडली, मशीन चालवली आणि कवडशाकडे बघत राहिला. ओढ कमी होती. कवडसा स्वच्छ होता. तरी तो बघतच राहिला, शेवटी धुरपताबाईच्या लेकानंच मशीन त्याच्या हातातून घेतली.

जाताना तो शालूपाशी थांबला.

“खिडकी उघडी ठेवून चालवायची,” तो म्हणाला. “आन् उन्हात धूळ दिसली, तर सांगायचं.”

“तुमाला वाईट वाटंल, मामा,” शालू पदराआडून म्हणाली. “एवढी मेहनत केली तुमी.”

“वाटू दे,” दगडोबा म्हणाला. “वाईट वाटू दे मला. सांगायचं.”