रंग न आलेली रांग

प्रयोगशाळेतल्या ताईंनी प्लेटमध्ये आम्लाचा शेवटचा थेंब सोडला आणि ती खिडकीच्या उजेडात धरली. वरच्या रांगेतल्या खळग्यांत गर्द पिवळा रंग चढला होता. खालची रांग पाण्यासारखी कोरी होती.

वरच्या रांगेत परवाच आलेल्या व्हायलमधलं, छोट्या काचेच्या कुपीतलं, रिसेप्टर होतं, खालच्या रांगेत वर्षभर वापरातलं जुनं. विषाणूशी लढताना शरीर सोडतं ते इंटरफेरॉन माणसाच्या पेशीवर जिथे येऊन चिकटतं ते हे प्रथिन, प्रयोगांपुरतं कारखान्यात बनवलेलं. चिकटलं तर पिवळं, नाही तर कोरं. वरच्या रांगेतल्या अर्ध्या खळग्यांत ताईंनी प्रयोगशाळेच्या प्रमुखांचं, सरांचं, औषधही घातलं होतं. हे चिकटणं थांबवणारं औषध शोधलं म्हणूनच सरांचं नाव झालं होतं. तिथेही रंग तेवढाच पिवळा होता. खालच्या रांगेत औषध नव्हतंच, तरी ती कोरी.

म्हणजे औषधानं कधी काही थांबवलंच नव्हतं. जुनं प्रथिन केव्हाच मेलं होतं.

त्यांनी सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं. दुपारी दुसऱ्या प्लेटनंही तेच दाखवलं, तेव्हा त्यांना ती पोरगी आठवली. इथं संशोधन करायला आलेली, जेमतेम पंचविशीची.

"सर, औषध न घालता आजचं प्रथिन तपासू या," ती म्हणाली होती. "तुलनेला आपण मागच्या वर्षीचे आकडे धरतोय."

सरांनी तिचं नाव 'शंकासुर' ठेवलं आणि सगळी प्रयोगशाळा हसली. महिन्याभरात 'कामात हलगर्जी' असा शेरा मारून तिला घरी पाठवलं. जाताना तिनं पिपेट पुसून जागेवर ठेवलं होतं.

ताई दोन्ही प्लेटा घेऊन सरांच्या खोलीत गेल्या. सरांनी त्या पाहिल्या, आणि पाहता पाहता त्यांचा चहा निवला.

"बसा, ताई."

"उभीच बरी आहे. औषधाचं काम थांबवायला हवं. आणि त्या पोरीवरचा शेरा मागे घ्यायला हवा."

"पुढच्या महिन्यात रुग्णांना औषध द्यायला सुरुवात होतेय. आता थांबायचं म्हणजे काय, कळतंय ना?"

"म्हणून तर आज आलेय."

सरांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"उन्हाळ्यात फ्रीझर दोन दिवस बंद पडला होता. वितळलेल्या व्हायल परत आत कोणी ठेवल्या?"

"मी. तुम्ही सांगितलंत म्हणून."

"लेखी सांगितलं होतं का?" सर अगदी हळू बोलत होते. "नोंदवहीत त्या दिवसाचं काहीच नाही. उद्या चौकशी झाली तर बोट कुणाकडे जाईल, याचा विचार करा. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत तुमची."

ताईंची कानशिलं तापली. चोर तो चोर, वर शिरजोर. वीस वर्षं या माणसाच्या शब्दाखातर त्यांनी सुट्ट्या सोडल्या होत्या, मुलीचं बाळंतपण शेजारणीवर टाकून त्या कामावर आल्या होत्या.

"विचार केलाय," त्या म्हणाल्या आणि प्लेटा उचलून बाहेर आल्या.

नोंदवहीत त्यांनी दोन्ही रांगांचे आकडे उतरवले. खाली फ्रीझरचे ते दोन दिवस लिहिले, व्हायल परत कोणी ठेवल्या ते लिहिलं, कोणाच्या सांगण्यावरून तेही. सही केली. पानांचे फोटो काढून रुग्णांवरच्या चाचणीला परवानगी देणाऱ्या समितीला धाडून दिले. मग त्या जिन्यात गेल्या आणि पोरीला फोन लावला. ती आता एका शाळेत शिकवत होती.

ताईंनी सगळं सांगितलं. फ्रीझरचंही.

"मला वाटलंच होतं, ताई," पोरगी म्हणाली. आवाजात आनंद नव्हता. "एक विचारू? मी सरांपुढे उभी होते तेव्हा तुम्ही मागच्या टेबलाशीच होतात. फ्रीझरचं तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

सरांना दिलेलंच उत्तर ताईंच्या ओठांवर आलं. तुम्ही सांगितलंत म्हणून. त्यांनी जिन्याचा कठडा धरला.

"होतं."

पलीकडे घंटा झाली, मुलांचा गलका उठला, मग दार लोटल्याचा आवाज आला. पोरीनं फोन ठेवला नव्हता.