टोकाची खुर्ची

आमच्या कंपनीत एक बटण बदलायचं तरी सगळ्यांचा होकार लागतो, आणि वर त्या खुर्चीचा. नोकरीला लागताना हे कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते. पहिल्या बैठकीत हसलेच.

आम्ही म्हाताऱ्या माणसांसाठी मनगटी पट्टा बनवतो. पडलं-झडलं तर त्यावरचं बटण दाबायचं, की घरच्या माणसाचा फोन वाजतो. पट्ट्यात काय बदलायचं, कधी बदलायचं, हे ठरवणारी प्रॉडक्ट मॅनेजर मी. निदान कार्डावर तरी. एक पट्टा माझ्या बाबांच्या हातात आहे आणि तो माझ्या फोनला जोडलेला आहे. घरी आम्ही दोघंच, दिवसभर ते एकटे. अर्धांगाच्या झटक्यापासून त्यांच्या बोटांत जोर नाही, आणि बटण तर बराच वेळ घट्ट दाबून धरावं लागतं. ते हलक्या बोटानेही वाजावं, एवढंच मला हवं होतं.

प्रोग्रामर म्हणाला, "एका ओळीचं काम आहे, मॅडम. आत्ता देतो." दिलंही. मग बैठका सुरू झाल्या. नमनालाच घडाभर तेल! अखेर वकीलबाईंचा होकार आला, डिझायनरचा आला, साहेबही "माझी काही हरकत नाही" म्हणाले. आणि सगळे टेबलाच्या टोकाकडे बघत बसले. तिथे एक जुनी खुर्ची होती, तिच्यापुढे पाण्याचा ग्लास होता, आणि खुर्चीत कोणीही नव्हतं.

"मान हलली नाही," वकीलबाई हळूच म्हणाल्या.

"मग पुढच्या बुधवारी," साहेब म्हणाले.

बाहेर आल्यावर मी प्रोग्रामरला गाठलं. "कोण बसतं रे तिथे?"

"मी आलो तेव्हापासून आहेत ते. मोठ्याने नका बोलू, मॅडम."

सगळ्यांनाच वेड लागलंय, असं मला वाटलं. पुढच्या बैठकीत मुद्दाम टोकाजवळ बसले. खुर्चीच्या गादीला खळगा पडला होता. बैठक संपली तेव्हा ग्लास अर्धा झाला होता. मी घाबरले, खोटं कशाला सांगू. तरी दर बुधवारी जात राहिले, आणि कधीपासून कोण जाणे, मीही इतरांसारखी तिकडे डोळे लावून बसू लागले.

अशाच एका बुधवारी बाबा बाथरूममध्ये पडले. नळ वाहायचा थांबेना म्हणून शेजारच्या काकूंना शंका आली. त्यांनी दार उघडलं तेव्हा बाबा गार फरशीवर पडले होते, अंगठा बटणावरच होता.

"दाबत होतो गं," ते मला म्हणाले. "तुला ऐकूच आलं नाही का?"

मला त्यांच्याकडे बघवेना.

पुढच्या बुधवारी काकू लेकीकडे गेल्या होत्या, बाबा घरी एकटे होते. मी बैठकीत शिरले, फोन माझ्या जागेवर ठेवला आणि तरातरा टोकाला गेले. "बघतेच कोण मान हलवत नाही ते!" म्हणत खुर्चीत बसले. हात दाखवून अवलक्षण! गादी उबदार होती, नुकतंच कोणी उठून गेल्यासारखी.

"अय्या, मॅडम कुठे गेल्या?" डिझायनर म्हणाली. "फोन तर इथेच आहे."

"येतील. आपण विषय घेऊन टाकू," साहेब म्हणाले.

सगळे माझ्याकडे वळले, पण एकाचीही नजर माझ्या चेहऱ्यावर थांबली नाही. मी ओरडले. कोणाला ऐकू गेलं नाही. मग मी मान हलवली.

"हलली!" वकीलबाईंचा आवाज चिरकला.

प्रोग्रामरने बसल्या जागी तो बदल सगळ्या पट्ट्यांवर चालू केला. टाळ्या पडल्या. मला रडूच आलं, इतकं बरं वाटलं. आता बाबांना जोर लावावा लागणार नव्हता.

मग उठायला गेले, तर उठता येईना. घसा कोरडा पडला, म्हणून समोरचं पाणी प्यायले.

आणि आत्ता माझ्या जागेवर माझा फोन वाजतो आहे. पट्ट्याचा इशारा आहे, वर बाबांचं नाव आहे.

"उचलू का?" प्रोग्रामर हात पुढे करतो. "त्यांच्या बाबांचा आहे."

"दुसऱ्याचा फोन?" वकीलबाई म्हणतात. "त्याला होकार लागेल."

मी मान हलवते आहे. जिवाच्या आकांताने हलवते आहे. पण इकडे कोणी बघतच नाही.

"आजच्या विषयांत ते नाही," साहेब कागद आवरत म्हणतात. "पुढच्या बुधवारी घेऊ."